रविवारचा पेंटबॉल सराव : आधी पेट्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे-डोंबिवलीकडची सात जणांची टीम महिन्यातून दोन रविवार पनवेलच्या पुढे एका मैदानावर जमते. सकाळपासून दुपारपर्यंत आपसात मॅच होतात, तीन पेट्या पेंट (रंग भरलेले बॉल) संपतं आणि मंडळी घरी जातात. आतापर्यंतच्या दोन्ही स्पर्धांत मात्र साखळी फेरीतच गाशा गुंडाळावा लागला. कॅप्टन विचारतोय, सराव आखायचा कसा? जोडीला दोन उपप्रश्न आहेत : पावसाळ्यात काय करायचं, आणि भाड्याच्या मार्करवर, म्हणजे बॉल मारायच्या गनवर, सराव करून काही पदरात पडतं का?

आधी स्पष्टच सांगतो, तुम्ही करताय त्याला सराव म्हणत नाहीत. त्या मॅच आहेत, आणि त्याही रोजच्या ओळखीच्या सात माणसांशी. दुसऱ्या रविवारपर्यंत कोण कुठल्या बंकरमागे (आडोशामागे) जाणार हे सगळ्यांना पाठ झालेलं असतं. जो स्नेकमध्ये (मैदानाच्या एका कडेच्या लांब, बुटक्या बंकरमध्ये) चांगला तो प्रत्येक वेळी स्नेकमध्ये जातो, ज्याला डाव्या हाताने मारता येत नाही तो दिवसभर उजव्या बाजूला राहतो. दुपारी सगळे दमलेले असतात, त्यामुळे भरपूर सराव झाल्यासारखं वाटतं.

मुंबईत आपल्याकडे सगळ्यात कमी काय असतं? वेळ आणि मैदान कमी असतातच, पण सर्वात आधी संपतं ते पेंट. ते बाहेरून येतं, महाग पडतं, आणि इथल्या हवेत फार दिवस टिकत नाही. म्हणून सरावाची आखणी घड्याळावरून करू नका, पेटीवरून करा. आज किती बॉल आहेत आणि त्यातला प्रत्येक शंभर कशावर जाणार, हे शनिवारी रात्री कागदावर उतरलं की निम्मा सराव आखून झाला.

तुमचाच हिशेब मांडू. एका पेटीत २००० बॉल, म्हणजे तीन पेट्यांत ६०००. ऐकायला खूप वाटतात. पण एनएक्सएल या अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या नियमांत मार्करला सेकंदाला १०.२ बॉलची मर्यादा आहे. त्या वेगाने सलग मारत राहिलं तर २०० बॉलचा हॉपर (मार्करवरचा बॉलचा डबा) वीस सेकंदांत रिकामा होतो. एका गड्याच्या पाठीवर १४० चे चार पॉड (जादा बॉलच्या नळ्या) आणि वर भरलेला हॉपर असेल, तर तो साडेसातशेच्या वर बॉल घेऊन मैदानात उतरतो. मोकळा हात सोडलात तर सात जण मिळून एका पॉइंटलाच, म्हणजे एका डावातच, पेटी फस्त करतात. म्हणजे तुमचा अख्खा रविवार प्रत्यक्षात तीन-चार पॉइंटांचा असतो, बाकीचा वेळ हॉपर भरण्यात आणि कोण खोटं बोलला यावर वाद घालण्यात जातो.

याच ६००० ची मी अशी वाटणी करेन : स्नॅपसाठी (बंकरमागून झटकन बाहेर येऊन मारणं) ६००, ब्रेकआउटसाठी (पॉइंटच्या सुरुवातीची धाव आणि मारा) १८००, एका बाजूच्या दोनास दोन खेळासाठी १२००, आणि आघाडी असताना पॉइंट संपवण्याच्या सरावासाठी १५००. उरले ९००. त्यात सगळ्यात शेवटी चारास तीन असा एक पॉइंट, आणि तो फायनल असल्यासारखा. हो, दिवसभरात एकच. हे ऐकून तुमच्या टीमचे चेहरे पडतील, दोघे तर म्हणतील की मग यायचं कशाला. त्यांना यायला सांगा. दोन महिन्यांनी तक्रार करणार नाहीत.

सर्वात जास्त पेंट ब्रेकआउटला का, ते सांगतो. बझर वाजल्यापासूनच्या पहिल्या चार सेकंदांत पाचांतला एखादा गडी बाद झाला की पुढचा सगळा पॉइंट तुम्ही चारास पाच खेळत असता. आणि नेमका हाच भाग आपल्याकडे कुणी घोटत नाही, कारण तो पटकन संपतो आणि त्यात मजा नसते.

ब्रेकआउटला लेन मारतात. लेन मारणं म्हणजे धावणाऱ्या माणसाला मारणं नव्हे. तो जिथून जाणार ती जागा आधीच बॉलनी भरून ठेवणं. मार्करमधून बॉल सेकंदाला ३०० फुटांच्या आत, म्हणजे जेमतेम ९० मीटरच्या वेगाने निघतो, पण तीन ग्रॅमचा तो हलका गोळा हवेत लगेच मंदावतो. चाळीस मीटरवर पोहोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पळणारा तीन-चार मीटर पुढे गेलेला असतो. दिसल्यावर मारलं तर बॉल त्याच्या मागच्या मोकळ्या हवेतून जाणार, हे ठरलेलं. आणखी एक गोष्ट. सेकंदाला दहा बॉल म्हणजे दोन बॉलमध्ये एक दशांश सेकंदाचं अंतर. सेकंदाला सहा मीटर धावणारा माणूस तेवढ्यात साठ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे आपल्या अंगाच्या रुंदीपेक्षा जास्त. त्यामुळे लेन अगदी बरोबर असली तरी एखादा त्यातून कोरडा निसटतो. ‘मी बरोबर मारत होतो, तो गेला कसा’ हा वाद तुमच्याकडेही होत असेल. तो असाच जातो. म्हणूनच महत्त्वाच्या वाटेवर दोन मार्कर लावायचे असतात, आणि कोणत्या वाटेवर दोन लावायचे हे आधी ठरवायचं असतं.

हा सराव असा घ्या. पहिली वीस मिनिटं एकही बॉल नाही. लेन मारणारा सुरुवातीच्या जागी उभा, बॅरलचं (मार्करच्या नळीचं) टोक गेटला (सुरुवातीच्या आडोशाला) टेकलेलं, डोळे मिटलेले. शिट्टी झाली की मार्कर उचलून लेनवर आणायचा आणि तिथेच गोठायचं. मागे उभा असलेला सोबती बॅरलच्या रेषेत बघतो आणि सांगतो : हातभर डावीकडे, वर, बरोबर. लेनच्या जागी बांबूला फडकं बांधून ठेवा, म्हणजे वाद नको. पुन्हा गेटला टेका, पुन्हा उचला. पंधरा-वीस वेळा केलं की हाताला जागा कळायला लागते. मग डोळे उघडून, एक पाऊल टाकत. मग दोन पावलं टाकून वळत. आणि मग पेंट.

पेंट आलं की समोरून धावणारा हवा. तिघे लेन मारतात, प्रत्येकी चार सेकंद, म्हणजे साधारण चाळीस बॉल. एका खेपेला १२०, पंधरा खेपांना १८००. चार सेकंद झाले की शिट्टी आणि सगळे थांबले. पुढे खेळत बसायचं नाही, मोह फार होतो. समोरच्या बाजूने दोघे धावतात, एक स्नेककडे, एक दुसऱ्या कडेच्या डोरिटोकडे (त्रिकोणी बंकरकडे), आणि उरलेले दोघे बाहेर वही घेऊन. वहीत एवढंच : कोण पोहोचला, कोणाला लागला, कुठे लागला. पायाला लागत असेल तर लेन खाली आहे, पाठीमागून जात असेल तर उशिरा उचलतोय. पाच खेपांनंतर जागा बदला. धावणाऱ्यालाही यात शिकायचं असतं : पहिली तीन पावलं वाकून, मार्कर छातीशी, आणि बंकरमध्ये गुडघ्यावर घसरत शिरताना डोकं सर्वात शेवटी आत येत असेल तर काहीच उपयोग नाही. डोकं आधी झाकलं गेलं पाहिजे.

स्नॅप हा पेंटबॉलमधला रियाज आहे आणि तो घरी करायचा असतो. मैदानावर त्याला ६०० बॉल पुरेत. बंकरच्या कडेतून बाहेर यायचं, दोन-तीन बॉल, परत आत. यात बघायचं काय? एकाला बंकरमागे बसवा आणि तुम्ही समोर पंधरा-वीस मीटरवर जाऊन, त्याला मारणाऱ्याच्या जागेवरून, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. मग त्यालाच दाखवा. बहुतेकांना स्वतःचं कोपर दिसतं. मार्कर खांद्याला लावताना कोपर पंखासारखं बाहेर येतं, आणि माणूस स्वतः दिसायच्या आधी ते दिसतं. त्यानंतर हॉपर. मार्कर सरळ उभा धरला की हॉपर बंकरच्या वर डोकावतो, तो थोडा आत कलवावा लागतो. मग बाहेरच्या बाजूचा पाय. आणि सगळ्यात मोठी सवय म्हणजे मार्कर बाहेर नेऊन मग खांद्याला लावणं. उलटं करायचं. आत असतानाच मार्कर खांद्यावर, डोळा रेषेत, आणि कमरेतून-गुडघ्यातून सगळं अंग एकदम कलवायचं. बाहेर राहण्याचा वेळ व्हिडिओवरून मोजता येतो. तो अर्ध्या सेकंदावर आणणं हे एक ठोस काम आहे, ‘स्नॅप सुधारायला हवा’ असं म्हणत राहण्यापेक्षा बरं. निशाण्यासाठी स्टीलची जुनी ताटली सुतळीने टांगा. लागली की वाजते, वाद नाही. निम्मे बॉल डाव्या हाताने. डावखुऱ्यांनी उजव्या.

दोनास दोन हा खेळ एकाच बाजूला घ्या, स्नेकची किंवा डोरिटोची अर्धी बाजू. स्पर्धेचं एअरबॉल मैदान साधारण १५० बाय १२० फूट असतं, आपल्या टर्फवर ते मावत नाही. पण अर्धी बाजू कशीही मावते. एक पुढे, एक मागे. मागच्याचं काम मारणं कमी आणि बोलणं जास्त. इथेच मी बॉलवर मर्यादा घालतो : माणशी शंभर, पॉड नाही. शंभर बॉल संपले की तो फक्त बोलू शकतो. ही अट घातल्यावर माणसं एकदम विचार करायला लागतात, मागचा ओरडून पुढच्याला हलवायला लागतो. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या जंगलात बारा जणांनी हा खेळ पहिल्यांदा खेळला तेव्हा जिंकला तो रिची व्हाइट, पेशाने जंगलात काम करणारा. त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि म्हणतात, एकही बॉल मारला नाही. आजच्या खेळात तसं चालणार नाही, पण आपल्या पोरांना हे अधूनमधून ऐकवावं.

बोलण्याबद्दल थोडं. बंकरांची नावं सगळीकडे चालतात तीच ठेवा : स्नेक, डोरिटो, कॅन (नळकांड्यासारखा), ब्रिक (विटेसारखा), फिफ्टी (मैदानाच्या मधल्या रेषेवरचा). पण डावी-उजवी म्हणू नका. मार खाताना कुणाची डावी हे कुणालाच कळत नाही. ‘रस्त्याकडे’, ‘झाडांकडे’, ‘शेडकडे’ असं मैदानाबाहेरचं काहीतरी धरा, ते कुणीही कुठेही उभं असलं तरी बदलत नाही. समोरचा एक बाद झाला की फक्त आकडा ओरडायचा : एक. दुसरा गेला की दोन. आणि प्रत्येकाने तो पुढे ओरडायचा. ज्याने ऐकून पुढे ओरडलं नाही त्याला ऐकूच गेलं नाही असं धरायचं. याचा सराव बॉलशिवाय होतो. पाच जण बंकरमागे, दोघे समोरून जागा बदलत राहतात, आणि मधल्या गड्याने मान न उचलता, फक्त ऐकून, दोघे कुठे आहेत ते बोटाने दाखवायचं. पहिल्यांदा हसू येईल इतकं चुकतं.

आता तो भाग, ज्यात तुमच्यासारख्या टीम सर्वात जास्त पॉइंट घालवतात असं माझं मत आहे : आघाडीवर असताना. समोर दोघे उरलेत, आपण चौघे आहोत, आणि तरी पॉइंट जातो. कबड्डीत समोर एकच गडी उरला की बाकीचे सैल पडतात आणि तोच बोनस घेऊन जातो, तसं. इकडे दोन प्रकारचे लोक निघतात. एक, ज्याला हिरो व्हायचंय, तो एकटा धावत सुटतो. दुसरा, ज्याला बाद व्हायचं नाही, तो जागचा हलत नाही. दोघेही टीमला तेवढेच महागात पडतात. सरावात तीनास दोन लावा. दोघे बचावात, कुठे आहेत ते तिघांना माहीत. घड्याळात साठ सेकंद. साठ सेकंदांत संपलं नाही तर दोघे जिंकले. पाच जण माणशी साठ बॉल म्हणजे एका खेपेला तीनशे, पाच खेपांना १५००. नियम एवढाच शिकवा : एकजण समोरच्याला बंकरमध्ये दाबून धरतो, दुसरा बाजूने जागा घेतो, तिसरा दोघांना सांगतो कोण कुठे बघतोय. दाबून धरणाऱ्याच्या बॉलमध्ये खंड पडला की हलणारा मरतो, म्हणून हॉपर भरायच्या आधी ‘भरतोय’ असं ओरडायचं. मग दोनास एक. मग मुद्दाम उलटं, आपले दोन आणि समोर तीन, साठ सेकंद टिकून दाखवा. तुमचा हिरो इथे उपयोगी पडतो.

आणि एक सवय पहिल्या रविवारपासून लावा. बाद झालेला प्रत्येक जण बाहेर आला की वहीवाल्याने त्याला एकच विचारायचं : कुठून लागला? त्याला माहीत असेल, की तो अमुक बंकरमध्ये होता, मी कड सोडली, तर ते कौशल्याचं काम आहे, स्नॅपमध्ये घ्या. ‘कळलंच नाही’ असं उत्तर आलं तर त्याच्या मागच्याने सांगितलं नाही. ते बोलण्याचं काम आहे. दिवसाअखेरीस दोन्ही खात्यांची बेरीज करा आणि पुढच्या वेळचे बॉल तिकडे वळवा. मी वर दिलेली वाटणी कायमची नाही, ती तुमच्या वहीने बदलायची. बहुतेक नव्या टीमचं ‘कळलंच नाही’ हे खातं फुगलेलं असतं आणि ते मात्र बॉलवर एक रुपया खर्च न करता उतरवता येतं.

पुसापुशीबद्दल सरावातच कडक राहा. अंगावर फुटलेलं पेंट हाताने पुसून खेळत राहणं, लागल्यावर ‘बघितलंच नाही’ म्हणत दोन पावलं पुढे जाणं, हे आपसात हसण्यावारी जातं. स्पर्धेत पंच दंड करतो आणि टीमला कमी गड्यांत खेळावं लागतं. सातवा गडी शिट्टी घेऊन पंच. दर खेपेला बदलून.

वेळेचं म्हणाल तर साडेसहाला मैदानावर, साडेदहाला आवरतं. ऑक्टोबरमध्ये त्यानंतर मास्कच्या आत माणूस शिजतो आणि शिकत काही नाही. शिवाय रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असला की तो अकराच्या आसपास लागतो, परतणाऱ्यांचे हाल नकोत. पहिला अर्धा तास सिलिंडरमध्ये हवा भरणं, बंकर मांडणं आणि क्रोनोग्राफ (बॉलचा वेग मोजणारं यंत्र). प्रत्येक मार्करचा वेग मोजायचा, दर वेळी, उन्हाने हवा तापली की पुन्हा. सरावात सगळ्यांचे मार्कर २८० फुटांच्या आसपास ठेवा, स्नॅप जवळून होतो. मास्क मैदानाच्या आत कधीच वर होत नाही, बॉल नसलेल्या सरावातही नाही. तो अंगाचा भाग व्हायला हवा, आणि काच धुक्याने भरली तर काय करायचं हेही त्यातच कळतं. कोरड्या सरावात हॉपर काढलेला, हवा सोडलेली, बॅरलवर कव्हर. मैदानाबाहेर मार्कर नेहमी बंद बॅगेत. लोकलमध्ये बॅग उघडून मित्राला दाखवायची हौस एखाद्याला असतेच, त्याला आधीच दम द्या. लांबून बघणाऱ्याला ती बंदूकच दिसते.

मार्कर दाबाखालच्या हवेवर चालतो, आणि त्या हवेचा एक घोळ इथे सगळ्यांचा होतो. सिलिंडर ४५०० पीएसआय दाबाचा घेतलेला असतो आणि भरायला मैदानावर स्कूबाची (पाणबुड्यांची) टाकी असते, जी साधारण ३००० ला भरलेली. टाकीत जेवढा दाब आहे त्याच्यावर तुमचा सिलिंडर जाणार नाही, आणि दर भरणीला टाकीचा दाब उतरत जातो. शेवटच्या दोघांना २००० वर समाधान मानावं लागतं. म्हणून ब्रेकआउटचा सराव, ज्याला सलग वेगाने मारायचं असतं, तो सकाळी आधी घ्या. ताटलीवरचा स्नॅप अर्ध्या दाबावरही होतो. सिलिंडरची दाबाची तपासणी कधी झाली ती तारीख त्याच्यावरच लिहिलेली असते, तेही एकदा बघून घ्या.

बंकरांसाठी फुगवण्याचे महागडे संच हवेतच असं नाही. पीव्हीसी पाइपची चौकट आणि त्यावर जुना फ्लेक्स ताणला की कॅन, ब्रिक, डोरिटो सगळं बनतं. फ्लेक्सला मुंबईत तोटा नाही. एखाद्या दादांच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स मंडळाच्या खोलीत पडलेला असतो, मागून घ्या. चेहरा आतल्या बाजूला ठेवा मात्र, उगाच नसता ताप. स्नेकसाठी गुडघ्याएवढ्या उंचीची ताडपत्रीची लांब भिंत पुरते. त्यात सरपटायला खो-खो खेळलेला कुणी मिळाला तर लगेच टीममध्ये घ्या. खाली वाकून दिशा बदलणं त्याला शिकवावं लागत नाही.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत मैदानाची रचना आधी जाहीर होते, टीम ती हुबेहूब मांडून सराव करतात. आपल्याकडे बऱ्याचदा आदल्या दिवशी किंवा सकाळीच कळते. त्यामुळे तुम्ही रचना पाठ करण्यापेक्षा मैदान वाचायला शिका. महिन्यातून एकदा बंकर मुद्दाम वेडेवाकडे मांडा आणि टीमला तीस मिनिटं द्या. प्रत्येक बंकरमागे खरोखर गुडघ्यावर बसायचं आणि बघायचं : इथून काय दिसतं, कोणती वाट कापता येते, मला कुठून लागू शकतं. उभं राहून मैदान बघणारे सगळं चुकीचं बघतात. तीस मिनिटांनी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात. पहिल्या चार सेकंदांत कोण कुठे, दोन मार्कर कोणत्या वाटेवर, आणि दोघे गेले तर उरलेले तिघे कुठे आवरून बसणार.

पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पेंट विकत घेऊच नका. बॉलचं कवच जिलेटिनचं असतं, ते हवेतली ओल शोषतं. बॉल फुगतो, मऊ पडतो, आणि मग एकतर बॅरलमध्येच फुटतो किंवा समोरच्याला लागून चेंडूसारखा उडतो. उरलेलं पेंट असेल तर पिशवी सीलबंद, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, घरात एसी असलेल्या खोलीत. गाडीच्या डिकीत कधीच नाही. पेटी आठवड्याला उलटी करा, नाहीतर खालच्या बॉलना चपटेपणा येतो. वापरायच्या आधी चार बॉल डोक्याच्या उंचीवरून फरशीवर टाकून बघा. पहिल्या दोन-तीन टप्प्यांत फुटले तर ठीक. टणाटण उड्या मारत राहिले तर ते ताटलीवरच्या सरावाला ठेवा.

ते चार महिने बॉलशिवायच्या सगळ्या सरावाचे. टर्फ तासावर भाड्याने घ्या, पेंटचा डाग पडणार नाही म्हटलं की मालक कुरकुरत नाही. तिथे दहा-पंधरा मीटरच्या धावा, सरपटणं, घसरत बंकरमध्ये शिरणं, आणि ते फक्त ऐकून ओळखण्याचं काम. पॉड उघडून हॉपर भरण्याची शर्यत लावा, बॉलऐवजी चणे चालतात. घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं स्नॅप, दोन्ही हातांनी. गच्चीवर करणार असाल तर मार्कर नेऊ नका, त्याच वजनाचा पीव्हीसी पाइपचा सांगाडा करा. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी पोलिसांना फोन केल्यावर तो खेळ आहे हे सेक्रेटरींना पटवून देण्यात संध्याकाळ जाते. मार्कर उघडून ओ-रिंग बदलणं, ग्रीस, बॅटरी, हेही याच काळात. स्पर्धेच्या आदल्या रात्री मार्कर उघडणारा माणूस प्रत्येक टीममध्ये एक असतो. त्याच्याकडून स्क्रूड्रायव्हर काढून घ्या.

स्पर्धा ठरली की शेवटच्या तीन सरावांत वाटणी बदला. पहिल्यात दुसरी टीम बोलवा, पेंट ज्याचं त्याने आणायचं, आणि दहा पॉइंट खेळा. आता मॅच खेळायची वेळ आहे, कारण आता तुम्हाला त्यात काय बघायचं ते माहीत आहे. पॉइंटमधला वेळही मोजा. दोन मिनिटांत पॉड भरून, काच पुसून, पुढचा ब्रेकआउट ठरवून सगळे गेटवर उभे राहिले पाहिजेत. हे काम सातातल्या बाहेरच्या दोघांचं, आणि त्याचीही तालीम लागते. दुसऱ्यात वहीने दाखवलेली एकच कमजोरी धरा. तिसरा अर्ध्या पेटीचा, तासाभरात संपणारा, नवीन काही नाही. कुणी त्या दिवशी यूट्यूबवर बघितलेली नवी युक्ती घेऊन आलाच तर त्याला चहा पाजा आणि गप्प बसवा.

राहिला भाड्याचा मार्कर. सात जणांत तिघांकडे स्वतःचे असतील तर काम चालतं. मैदानावर मिळणारे मार्कर बहुतेक साधे मेकॅनिकल असतात, एकदा बोट दाबलं की एक बॉल. त्यावर लेनचा सराव होत नाही, वेगच येत नाही. पण स्नॅपसाठी, दोनास दोनसाठी आणि तीनास दोनमधल्या बचावाच्या दोघांसाठी ते उत्तम आहेत, माणूस बॉल जपून मारायला शिकतो. तेव्हा स्वतःचे तीन मार्कर लेन मारणाऱ्या तिघांच्या हातात, आणि पाच खेपांनंतर जागा बदलताना मार्करही बदलायचे, ‘माझा आहे’ हे चालणार नाही. पैसे साठवून चौथा घेण्याआधी प्रत्येकाने दुहेरी काचेचा चांगला मास्क घ्यावा. भाड्याच्या मास्कची काच ओरखड्यांनी भरलेली असते, आणि या हवेत पाचव्या मिनिटाला त्यातून स्नेकमधला माणूस दिसत नाही.